वणव्याची राखण : चोरल परिसरातील वन समित्यांसाठी इंदूरकर मराठी कुटुंबांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. वन विभागाच्या कागदोपत्री हे चार महिने सारखेच असले, तरी सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरू लागल्यावर जे सागाचे जंगल लागते, तेथे खरा घोर होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या दिवसांचा असतो. या दिवसांत जंगलाची राखण करणाऱ्या चोरल परिसरातील तीन गावांच्या वन समित्यांना हात द्यावा, असे आमच्या समितीने ठरवले आहे. त्यासाठी इंदूरमधील मराठी कुटुंबांकडे आम्ही वर्गणी, जुन्या साड्या आणि महिन्यातला एक रविवार मागत आहोत. साड्यांचा उल्लेख वाचून कोणी गोंधळू नये. त्यांचे काम पुढे सांगितले आहे.

आपल्याकडचा वणवा दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या परदेशातील वणव्यांसारखा नसतो. येथे झाडांचे शेंडे सहसा पेटत नाहीत. सागाची पाने थंडीच्या अखेरीस गळू लागतात, मार्चपर्यंत जमिनीवर घोटाभर पाचोळा साचतो, आणि आग त्या पाचोळ्यातून गुडघाभर उंचीने, कधी तर चालत्या माणसाच्या वेगाने, सरकत जाते. मोठी झाडे बहुधा उभीच राहतात आणि पावसानंतर डोंगर पुन्हा हिरवा दिसतो, त्यामुळे आपले काही गेले असे रस्त्यावरून गाडीने जाणाऱ्याला वाटतच नाही. गेलेले असते ते खाली : दोन-तीन पावसाळे काढून वीतभर झालेली धावडा, तेंदू, अंजन यांची रोपे, जमिनीवरच अंडी घालणाऱ्या रातव्यासारख्या पक्ष्यांची वीण, आणि पाचोळा कुजून तयार व्हायची ती माती. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर नवीन झाड धरत नाही. तेथे कुसळी गवत आणि घाणेरीची (लँटानाची) झुडपे माजतात, आणि ती दोन्ही पुढच्या वर्षीच्या आगीला आणखी सरपण पुरवतात. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा हा घाट पाहिला आहे, त्यांना घाणेरीबद्दल वेगळे सांगायला नको.

घाटाची ठेवणच आगीला अनुकूल आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तर बडवाहचा नर्मदाकाठ २०० मीटरच्याही खाली. दुपारच्या उन्हात वारा दरीतून माळव्याकडे वर चढतो आणि आगीला वर ओढतो. चढावर ज्वाळा पुढच्या पाचोळ्याला आधीच तापवून ठेवतात, त्यामुळे सपाटीपेक्षा चढावर आग कितीतरी वेगाने पळते. म्हणूनच आगीच्या वरच्या बाजूला उभे राहायचे नाही, हा विझवणाऱ्यांचा पहिला नियम आहे. पहिल्या वळवाच्या पावसात या उतारांवरची राख आणि उघडी पडलेली माती ओढ्यांतून चोरल नदीत उतरते. चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते, आणि त्याच्याही खाली, मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे, १९७८ पासून इंदूरसाठी नर्मदेचे पाणी उचलले जाते. तेव्हा हा प्रश्न गावकऱ्यांचा आहे, आपला नाही, असे म्हणण्याची सोय निदान ज्यांच्या घरी नळाला नर्मदा येते त्यांना तरी नाही.

आता आग लावते कोण, याविषयी. शहरात या प्रश्नाचे उत्तर तयार असते : आदिवासी महुआसाठी, म्हणजे मोहाच्या फुलांसाठी, जंगल पेटवतात. त्यात तथ्य आहे, पण ते उत्तर फार सोयीचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये महुआची फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे वेचावी लागतात. गेल्या एप्रिलमध्ये आमचे काही सदस्य एका फलियात (पाड्यावर) मुक्कामाला असताना एका बाईंबरोबर पाच वाजता झाडाखाली गेले होते. पिवळसर फूल, पिवळाच पाचोळा, हातात विजेरी. अर्ध्या तासात आमच्यापैकी एकीच्या टोपलीचा तळही झाकला नाही. बाई हसल्या आणि त्यांनी आपल्या बोलीत सांगितले, की पाला असला तर फूल दिसत नाही, आणि पाला झाडत बसले तर दिवस वर येतो, गुरे-शेळ्या येऊन फुले खाऊन जातात. झाडाखालचा पाला जाळणे हा त्यांच्या दृष्टीने झाडून घेण्याचाच प्रकार आहे. चूक एवढीच होते, की जाळ झाडाच्या घेराबाहेर सरकला तर त्याच्यामागे धावायला त्या वेळी कोणी नसते, कारण सगळे घर वेचायला बसलेले असते.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. झाडाखाली, जमिनीपासून थोडे उंच, जाळी किंवा कापड ताणून बांधले, की फूल वरच्यावर झेलले जाते, मातीही लागत नाही, आणि पाला जाळण्याचे कारणच उरत नाही. तयार जाळ्या प्रत्येक झाडाला परवडत नाहीत; जुन्या साड्या जोडून बांधल्या तरी काम भागते. सुती साडी दवाने लवकर कुजते, म्हणून नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर अशा साड्या हव्यात. आपल्या कपाटांत लग्ना-मुंजींत ‘देण्याघेण्याच्या’ म्हणून आलेल्या आणि तशाच पुढे सरकवण्यासाठी ठेवलेल्या साड्यांचा जो ढीग असतो, तो या कामासाठी अगदी योग्य आहे. त्या साड्यांना एकदाचा मुक्कामही मिळेल. एका मध्यम झाडाला सहा ते आठ साड्या लागतात, असा आमचा गेल्या हंगामातला अनुभव आहे.

तेंदूपत्त्याची, म्हणजे विडीच्या पानाची, गोष्ट थोडी निराळी. आग लावल्यावर तेंदूच्या झुडपाला कोवळी, मोठी पाने फुटतात, असा जुना समज आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडूप जमिनीलगत छाटले तरी तशीच पालवी येते. छाटणीला मजुरी लागते, काडी फुकट लागते. फरक एवढाच आहे. जंगलाला लागून असलेल्या शेतांतली नरवाई, म्हणजे हार्वेस्टरने गहू कापल्यावर उरलेले खुंट, जाळण्यावर राज्यात बंदी आहे आणि दोन एकरांपर्यंत २,५००, पाच एकरांपर्यंत ५,००० आणि त्याहून अधिक जमिनीस १५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तरीही एप्रिलमध्ये रात्री खंडवा रोडने येताना दोन्ही बाजूंना जाळाच्या रेघा दिसतात. त्याविषयी आम्हांला काही करता येण्याजोगे नाही, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

उरला तो आपला वाटा. चोरल धरणाच्या बाजूला, जानापाव टेकडीच्या वाटेवर, ओढ्याकाठच्या सावलीत आपण सहलीला जातो, गोवऱ्यांवर बाफले (कणकेचे उकडलेले गोळे) भाजतो, डाळ उकळते, लाडू वळले जातात, आणि तिन्हीसांजेला भांडी आवरून गाड्या परत फिरतात. गोवरीचा निखारा वरून पांढरा पडला तरी आत तासन्‌तास धगधगत असतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्या चूल सोडताना त्यावर पाणी शिंपडून, राख उलटून पुन्हा पाणी शिंपडत. गेल्या वर्षी ज्या उतारावर आम्ही गावकऱ्यांबरोबर आग विझवली, तेथे जळीत जेथून सुरू झाले होते त्या टोकाला तीन दगडांची चूल, राखेत अर्धा जळालेला बाफला आणि कागदी द्रोणांची चवड मिळाली. ती चूल महुआ वेचणाऱ्यांची नव्हती. स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक २०१७ ते २०२३ या काळात सलग सात वेळा पटकावणाऱ्या, ओला-सुका कचरा वेगळा करण्याबद्दल रास्त अभिमान बाळगणाऱ्या शहराची ती निशाणी होती, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला ती ओळखीची वाटली, हे कबूल करायला हवे.

त्या दिवशी आग विझवायला गावातली अकरा माणसे होती. पळसाच्या ओल्या फांद्यांनी ती कडेकडेने झोडपत होती आणि दोघे जण पुढे जाऊन पाला ओढून पट्टा मोकळा करत होते. बहुतेकांच्या पायांत रबरी चपला होत्या. एका तरुणाच्या चपलेचा तळ वितळून पायाला चिकटला. प्यायला पाणी नव्हते. बीटचा नाकेदार, म्हणजे त्या भागाचा वनरक्षक, एकटाच होता आणि त्याच्याकडे कितीतरी चौरस किलोमीटर जंगल होते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीची सूचना मोबाइलवर पाठवते, कोणाही नागरिकाला त्यासाठी नाव नोंदवता येते, आणि आमच्यातल्या चौघांनी ते नोंदवले आहे. परंतु उपग्रह ठरावीक वेळांनाच माथ्यावरून जातो, आणि दुपारी चारला पेटलेली चूल त्याला दिसेपर्यंत अर्धा डोंगर गेलेला असतो. धूर आधी दिसतो तो टेकडीवर बसलेल्या माणसाला.

ही माणसे कायद्यालाही अनोळखी नाहीत. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलाच्या रक्षणात गावाला सहभागी करण्याचे तत्त्व मान्य केले, १ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकाने त्याला संयुक्त वनव्यवस्थापनाचे रूप दिले, आणि मध्य प्रदेशने १९९१ मध्ये तसा ठराव करून गावोगावी वन सुरक्षा समित्या व ग्राम वन समित्या स्थापल्या. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्कच ठरवला. कागद भक्कम आहे. परंतु हक्क मिळाला म्हणून राखणदाराची रोजी सुटत नाही : हंगामात जो तरुण चार महिने टेकडीवर बसेल, त्याला त्या काळात पीथमपूरच्या कारखान्यांत किंवा आपल्याच शहरातल्या बांधकामांवर मजुरी मिळत असते, आणि तो ती सोडून बसतो. गावाने जंगल राखावे अशी अपेक्षा करणाऱ्या शहराने त्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार आजवर केलेला नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि हे आवाहन त्यासाठीच आहे.

तिन्ही गावांच्या बैठकांत ठरल्याप्रमाणे प्रत्येक गावाचे दोन राखणदार हंगामभर नेमले जातील आणि त्यांना दररोज ४०० रुपये मानधन दिले जाईल. वर्गणीतला सर्वांत मोठा भाग यावरच खर्च होणार आहे. एका राखणदाराचा एक आठवडा २,८०० रुपयांत होतो. एखाद्या कुटुंबाने किंवा भिशीच्या गटाने एक आठवडा पत्करला तर हिशोब सोपा जाईल, मात्र शंभर रुपयेही तितक्याच आनंदाने स्वीकारले जातील. उरलेल्या रकमेतून चामडी बूट, पाण्याचे कॅन, कपाळावर बांधायच्या विजेऱ्या आणि पाला उडवणारे दोन ब्लोअर घ्यायचे आहेत. जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा, वन विभागाच्या देखरेखीखाली हंगामाआधीच साफ करावी लागते, आणि ब्लोअरने ते काम झाडूपेक्षा बरेच लवकर उरकते. रक्कम आमच्याकडून थेट त्या त्या वन समितीच्या बँक खात्यात जमा होईल, खर्च ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल आणि त्याची प्रत आपल्याला पावतीसोबतच्या पत्त्यावर पाठवली जाईल. आमच्या समितीला ८०-जीची नोंदणी अद्याप मिळालेली नाही, त्यामुळे प्राप्तिकरात सवलत मिळणार नाही; हे आधीच सांगितलेले बरे.

रविवारची मागणी ज्यांचे पाय धड आहेत त्यांच्यासाठी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात दर रविवारी आमची एक तुकडी सहलीच्या जागांवर थांबेल, चूल पेटवणाऱ्यांना न खेकसता पाण्याची बादली देईल, आणि संध्याकाळी प्रत्येक चुलीची राख हाताने चाचपून पाहील. हात लावता आला तरच ती विझली असे समजायचे. आग विझवायला मात्र शहरातल्या कोणीही उतरू नये. ते काम ज्यांना वाऱ्याची आणि उताराची सवय आहे त्यांचेच आहे, आपण धूर दिसताच कळवायचे आणि पाणी पोहोचवायचे. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, पण आमच्या तुकड्या कोणाची तक्रार करत फिरणार नाहीत.

वर्गणी धनादेशाने किंवा आमच्या समितीच्या खात्यावर द्यावी आणि पावती अवश्य मागून घ्यावी. साड्या जानेवारीअखेरपर्यंत आपल्या वसाहतीतील आमच्या सदस्यांकडे पोहोचवाव्यात, म्हणजे महुआ गळू लागण्यापूर्वी त्या शिवून गावांत पोहोचतील. साड्या धुतलेल्या असाव्यात, जरीच्या नसाव्यात, आणि शक्य असल्यास फॉल उसवून द्यावा. गेल्या वर्षी आमच्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींचा निम्मा वेळ फॉल उसवण्यातच गेला.

आपले नम्र,
समितीचे कार्यकारी सदस्य, इंदूर