नायिका ‘पुरुषी’ कशी?

महोदय,

आमच्या वाचनालयात एका नव्या लेखिकेची पहिलीच विज्ञान कादंबरी गेले दोन महिने हातोहात फिरते आहे आणि तिच्या नायिकेवरून वाचकांत सरळ दोन तट पडले आहेत. कित्येकांना ती ‘फारच पुरुषी’ वाटते. मला हा आक्षेप मुळीच पटत नाही. बोअरच्या केसिंगमध्ये खडा टाकून, कान लावून पाणी किती खोल गेले याचा ती अंदाज घेते, तो प्रसंग वाचताना ऐन उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या आमच्या आयाबहिणीच डोळ्यांसमोर उभ्या राहतात. शेवटची चाळीस पाने घाईत उरकली आहेत, हे मात्र मान्य करावे लागेल. तरीही नवख्या लेखणीची पारख मजकुरावरूनच व्हावी. जयंत नारळीकरांनीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली विज्ञानकथा टोपणनावानेच पाठवली होती. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहणार असताना, या नायिकेसारख्या इथल्या मुलीने अवकाशाचे गणित मांडणे कोणाला अवास्तव का वाटावे? वाचनालयातील एकमेव प्रत आता शिवणीतून सुटू लागली आहे. प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती लवकर काढावी.

— एक वाचक, हिंगोली