'आकलन मंद': मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आपण भर सभेत जाहीर केलंत की खात्यातल्या बढतीची तोंडी परीक्षा ज्याला त्याला आपल्या भाषेत देता येईल. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. परवा त्याच परीक्षेला बसलो. "मराठीत सांगितलं तर चालेल ना?" असं विचारलं, तर तिघांपैकी मधले साहेब म्हणाले, "तसं परिपत्रक आलेलं नाही." मग इंग्रजीतच बोलावं लागलं. बारा मिनिटांत बाहेर. शेरा मिळाला: 'विषयाचे आकलन मंद'.

मंद! 22 वर्षं मी पाणी तपासतोय, साहेब. प्रश्न होता, डोस वाढवूनही क्लोरीन टिकत नसेल तर काय कराल? झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या आड दडतात, क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. तेव्हा आधी फिल्टर बघा, नाहीतर डोस वाढवून उपयोग काय? क्लोरीन, फिल्टर, डोस हे शब्द अडलेच नाहीत, ते आम्हीही इंग्रजीतच वापरतो. अडले ते 'नाहीतर', 'तोवर', 'असूनसुद्धा'. ते जुळवेपर्यंत "नेक्स्ट" आलं.

माणूस बोलताना सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो. स्वतःच्या भाषेत व्याकरण आपसूक चालतं, डोकं विषयाला मोकळं राहतं. 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे हे आपण कधी आठवून बोलता का? उशिरा शिकलेल्या भाषेत शब्द शोधा, काळ लावा, उच्चार सांभाळा, वर आधी धावत आलेला मराठी शब्द मागे ढकला. विषयाला उरतं काय? माझा साठ टक्के वेळ यातच गेला (घड्याळ लावलं नव्हतं, पण पैज लावा).

1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखता आले; वर्षाची होईस्तोवर बहुतेकांची ती ओळख गेली. कान इतक्या लवकर ठरतो, आणि मला इंग्रजी भेटली पाचवीत! 2018 च्या एका अभ्यासात सुमारे 6 लाख 70 हजार लोक होते. व्याकरण शिकण्याची क्षमता सतरा-अठरापर्यंत टिकते, असं त्यात निघालं. आपले सचिव तेवढंच वाचून दाखवतील. पण जन्मापासून बोलणाऱ्यासारखी भाषा यायची तर सुरुवात दहाच्या आसपास झालेली हवी, हेही त्यातच आहे.

त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलीनं "कसं झालं, बाबा?" विचारलं, तेव्हा शेऱ्याचा कागद खिशातच ठेवला. ज्याच्या सहीवर इतकी वर्षं लोक पाणी पितात, त्यालाच आपल्या अकलेची शंका यायला लागली.

आपणही परदेशी पाहुण्यांसमोर इंग्रजीत बोललात, मी पाहिलंय. कागदावरून मान वर झाली नाही. आपल्याला कुणी मंद म्हणालं नाही. 'संयत भाषण' म्हणाले.

आणि परीक्षेचंच काय घेऊन बसलात? औषधाच्या वेष्टनावरच्या सूचना, कर्जाचा करार, न्यायालयाचा निकाल. जिथं एक शब्द चुकला तर माणूस बुडतो, नेमकी तिथंच दुसरी भाषा. मतं मात्र मातृभाषेत मागायची! शिक्षण मातृभाषेत द्या, असं युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 1953 मध्ये सांगितलं. तेव्हापासून समित्या बसतात, उठतात, चहा पितात.

मागणं दोनच आहे. तो शेरा खोडा, आणि तेच प्रश्न, त्याच तिघांसमोर, मला मराठीत विचारा. बढती नाही दिलीत तरी चालेल.

आपला,
पाणी तपासणारा एक कर्मचारी

ता. क. हे पत्र चाळीस मिनिटांत लिहून झालं. याच विषयावर आपल्या कार्यालयाला इंग्रजीत केलेल्या अर्जाला चार संध्याकाळी लागल्या होत्या. त्याची पोच अजून आलेली नाही.