मागच्या डेकबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर मागच्या दारचा लाकडी डेक, म्हणजे आपला लाकडी ओटा, नव्याने बांधायचा विषय निघाला आणि बाबा एकदम गप्प झाले, तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला नीट सांगता येत नाही, घाई होते.

बाबा, तुमचं म्हणणं की चार फळ्या बदलल्या की झालं, वरून तर डेक चांगलाच दिसतोय. वरून खरंच चांगला आहे आणि तो तुमच्यामुळे आहे, दरवर्षी घासून तेल लावायचात ना. पण मागच्या वेळी मी खाली वाकून आत शिरले होते. भिंतीला लागून जी लांब आडवी फळी आहे, जिच्यावर डेकची ती अख्खी बाजू टेकलीय, तिच्यात स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला तर सहज आत गेला, बाहेर काढला तर ओला भुसा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. मग दोन वासे आणि कोपऱ्यातला खांब टोचला, जमिनीलगत तेच.

यात तुमची काही चूक नाही बाबा, हे मनापासून सांगते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी लागतं, लाकडात ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढत नाही. वरच्या फळ्या भिजतात पण उन्हावाऱ्याने वाळतात. भिंत आणि त्या फळीच्या फटीत गेलेलं पाणी वाळतच नाही, आणि तिथे तुमचा ब्रश कधी पोचणारच नव्हता. वर पत्र्याची पट्टी वाकवून बसवली असती तर पाणी बाहेर पडलं असतं, ती राहून गेली एवढंच.

आणि मला भीती त्याच फळीची वाटते, कारण ती नुसत्या खिळ्यांवर आहे. कुजलेल्या लाकडात खिळा धरत नाही, ओढला की सरळ निघून येतो. डेक कोसळतात तेव्हा पुष्कळदा असेच, खांब मोडून नव्हे, भिंतीपासून सुटून, आणि तेही सगळे जमून उभे असतात तेव्हा, कारण वजन तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. नवीन फळ्या या सांगाड्यावर ठोकणं मला पटत नाही, सगळं काढूनच नवीन करूया.

लाकूडच घ्यायचं, बाबांचं ऐकलं. कॉम्पोझिटला, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्यांना, तेलपाणी लागत नाही हे खरं, पण उन्हात त्या फार तापतात आणि आई अनवाणी फिरते, शिवाय खालचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो, म्हणजे ही काळजी तशीच राहते. यावेळी ती भिंतीची फळी बोल्टने आवळायची, वर पत्र्याची पट्टी, वाशांच्या माथ्यावर पाणी अडवणारी चिकटपट्टी, खांब काँक्रीटवर पण लोखंडी बुटात, जमिनीला न टेकता. स्क्रू स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा मुलामा दिलेले), कारण हल्लीच्या ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या लाकडात तांबं असतं आणि ते साधं लोखंड खातं. कापलेल्या टोकांना तसलंच औषध लावलंच पाहिजे, पाणी टोकातून सगळ्यात जास्त शिरतं.

आई, तुझ्या पायऱ्यांचं मी आधीच सांगून ठेवलंय, सगळ्या एकसारख्या उंचीच्या, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. आत्ता शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, तिथेच तुझा गुडघा लचकतो.

एक राहिलं, जुनं लाकूड जाळायचं नाही, एक तुकडासुद्धा नाही. जुन्या ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असू शकतं, ते धुरात आणि राखेत येतं. बाबांनी केलेला बाक मात्र मी टोचून पाहिलाय, तो ठणठणीत आहे, तो नवीन डेकवर त्याच कोपऱ्यात जाणार.

मी शनिवारी येतेय. तोवर मागचं दार बंदच ठेवा, कपडे वाळत घालायलासुद्धा जाऊ नकोस आई, प्लीज. बाबा, मापं तुम्हीच घ्यायची, मी टेपचं दुसरं टोक धरीन. कुंड्या मी आल्यावर हलवते, तुम्ही दोघं हात लावू नका.

तुमची,
छकुली