बोटीच्या खणांचा नकाशा सरकारकडे हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकला समुद्र नाही, मग मासेमारीच्या कायद्याशी आपलं काय घेणंदेणं असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. पण ससून डॉक, भाऊच्या धक्क्यावरचा माल कसारा घाट चढून आपल्याच बाजारात येतो ना, आणि पाटीत जेमतेम चार बोटांएवढी पापलेटं दिसली की मला तरी राहवत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांचा कमीत कमी आकार ठरवून दिला, पापलेटचा १३५ मिलिमीटर, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा पण केलं. मग ही पिल्लं धक्क्यावरून सुटतात कशी?

माझं म्हणणं असं की तपासणीत जे समोर दिसतं तेवढंच मोजलं जातं. ट्रॉलरमध्ये, म्हणजे जाळं ओढत मासे पकडणाऱ्या यांत्रिक बोटीत, मासे ठेवायचे खण असतात, थंडावा टिकावा म्हणून त्यांच्या भिंती जाड करतात, आत बर्फ भरलेला. अशा ठिकाणी एक खोटी भिंत उभी केली तर वरून झाकण उघडून बघणाऱ्याला काय कळणार, त्याला बर्फ दिसतो, वर मोठे मासे दिसतात, झालं.

हे कल्पनेतलं नाही. मार्च १९९५ मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडजवळ 'एस्ताई' नावाचा स्पॅनिश ट्रॉलर पकडला होता. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की खोट्या भिंतीमागे चोरखण होता आणि त्यात २५ टन अमेरिकन प्लेस, म्हणजे पकडायला बंदी असलेला चपटा मासा, शिवाय जाळ्याच्या आत बारीक छिद्रांचं दुसरं जाळं आणि नोंदवह्या पण दोन. स्पेनने खूप आरडाओरडा केला, कारण बोट कॅनडाच्या २०० मैलांच्या सागरी हद्दीबाहेर होती, पण त्यानंतर महिना-दीड महिन्यात जो करार झाला त्यात त्या भागातल्या प्रत्येक बोटीवर निरीक्षक ठेवायचं ठरलं. तिथल्या बोटींना आता आपल्या खणांचा मापासकट, प्रमाणित नकाशा जवळ ठेवावा लागतो. दक्षिण कोरियाच्या हद्दीत तर चिनी बोटींचे असे चोरखण किती वेळा सापडलेत.

आपल्याकडे सागरी मासेमारीचा १९८१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला, मासे खेचायला एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ ते २० लाख दंड, निकाल द्यायचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याकडे आले. चांगलंच झालं, पण माल सापडलाच नाही तर दंड लावणार कशाला?

म्हणून मत्स्य विभागाला कळकळीची विनंती आहे, नोंदणी आणि परवाना देताना प्रत्येक ट्रॉलर आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या) बोटीच्या खणांचा मापासकट नकाशा घ्या, एक प्रत बोटीवर ठेवायला लावा, आणि धक्क्यावर टेप घेऊन खण मोजा. बोटीची बाहेरची लांबी, आतल्या खणांची बेरीज, भिंतींची जाडी, हिशेब जुळला नाही की फळी उघडायची. यात छोट्या होडीवाल्या कोळी बांधवांना त्रास देऊ नका प्लीज, त्यांचा माल टोपलीत उघड्यावरच असतो आणि मोठ्यांच्या चोरीत पहिला मार त्यांनाच बसतो. आणि नकाशात नसलेला खण सापडला तर तो रिकामा असला तरी गुन्हा धरा, नाहीतर माल समुद्रातच दुसऱ्या बोटीवर उतरवून सगळे मोकळे होतील.

नाशिकच्या घाऊक बाजारात पण अधिकाऱ्यांनी पट्टी घेऊन यावं, मासळीच्या गाड्या पहाटे येतात, तेव्हाच.

आपला,
एक वाचक, नाशिक