इराणच्या बायकांची लढाई २०२२ ला सुरू झालेली नाही

संपादक साहेब, नमस्कार.

इराणमधल्या हिजाबसक्तीवर काहीही छापून आलं की सुरुवात महसा अमिनीपासूनच होते, आपल्या पेपरातही तसंच. तिचं नाव यायलाच हवं, त्यात वाद नाही. साक्केझची २२ वर्षांची कुर्दिश मुलगी, तेहरानला आलेली, १३ सप्टेंबर २०२२ ला गश्त-ए-इर्शादच्या, म्हणजे बायकांच्या कपड्यांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसांच्या, लोकांनी तिला हिजाबवरून उचललं आणि तीन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये तिचा जीव गेला. पण वाचणाऱ्याला वाटतं की तोपर्यंत तिथल्या बायका मुकाट्याने डोकं झाकून बसल्या होत्या आणि मग अचानक भडका उडाला. तसं अजिबात नाहीये, म्हणून हे पत्र.

इस्लामी क्रांतीचे नेते खोमेनी १ फेब्रुवारी १९७९ ला तेहरानला परतले. शहाला, म्हणजे इराणच्या राजाला, घालवायच्या मोर्च्यांत बायका होत्याच, त्यातल्या कितीतरी जणी एरवी चादर (डोक्यापासून पायापर्यंतचं झाकणं) न घेणाऱ्या, पण शहाचा निषेध म्हणून त्यांनी मुद्दाम घेतली होती. आणि जेमतेम महिना गेला तर ७ मार्चला खोमेनींचा हुकूम बाहेर आला की सरकारी ऑफिसात बायकांनी हिजाब घालूनच यायचं. दुसऱ्या दिवशी महिला दिन. तेहरानमध्ये बर्फ पडत होतं आणि त्या बर्फात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, नर्सेस, वकील, ऑफिसात काम करणाऱ्या, शाळा-कॉलेजच्या मुली, आणि घोषणा काय तर "आम्ही क्रांती मागे जायला केली नव्हती". समोरून टोळकी ओरडत होती "या रूसरी, या तूसरी", म्हणजे डोक्यावर रुमाल घे नाहीतर डोक्यात फटका खा. नुसतं ओरडून थांबले नाहीत, मारहाणही झाली. तरी काही दिवस हे चालूच राहिलं आणि सरकारला तात्पुरती माघार घ्यावी लागली, सक्ती नाही फक्त सल्ला आहे वगैरे सारवासारव झाली.

मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. त्या वेळी डावे, पुरोगामी म्हणवणारे बरेच पुरुष (आणि काही बायकासुद्धा) म्हणाले की आत्ता हा विषय नको, आधी साम्राज्यवादाशी लढू, क्रांती टिकवू, कपड्यांचं नंतर बघू. आधी राजकीय की आधी सामाजिक हा वाद आपल्याकडे टिळक-आगरकरांच्या काळात होऊन गेलाय त्यामुळे मराठी माणसाला हे नवीन नाही. तर ते "नंतर" काही आलं नाही. १९८० मध्ये सरकारी ऑफिसांत सक्ती झाली, १९८३ ला तर कायदाच, हिजाबशिवाय बाहेर दिसलात तर ७४ फटके. आणि थांबा म्हणणारे ते पक्षही थोड्याच वर्षांत तुरुंगात नाहीतर फासावर गेले.

शहाच्या काळातले स्कर्टवाले फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांनाही एक सांगायचंय, १९३६ मध्ये याच शहाच्या बापाने, रझा शहाने, बुरख्यावर बंदी घातली तेव्हा पोलीस भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादरी ओढत होते आणि कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. तेव्हाही बाईला कोणी विचारलं नव्हतं.

नंतरचं पण बघा. डिसेंबर २०१७ ला विदा मोवाहेद तेहरानच्या इन्किलाब रस्त्यावर एका लोखंडी बॉक्सवर चढली आणि डोक्यावरचा पांढरा रुमाल काडीला बांधून गप्प उभी राहिली. अटक झाली. मग तिचं बघून दुसऱ्या, तिसऱ्या अशा उभ्या राहायला लागल्या तर सरकारने काय करावं, त्या बॉक्सवर उतरतं छप्परच बसवलं, कोणाला पाय ठेवता येऊ नये म्हणून. एवढं मोठं राज्य आणि घाबरलंय कशाला तर एका बॉक्सला!

२०२२ नंतर मोर्चे गोळ्या घालून मोडले, शेकडो माणसं मेली, तरुण पोरांना फाशी दिली. बातमी तिथे संपली, बायकांचं मात्र संपलं नाही. त्यासाठी मोर्चा नाही, घोषणा नाही, त्या डोकं न झाकता सरळ भाजी आणायला जातात. कॅमेरे लावले, गाडीमालकांना एसएमएस पाठवले, गाड्या जप्त केल्या, दुकानं सील केली तरी जातात. पार्लमेंटने आणखी कडक कायदा पास केला तो डिसेंबर २०२४ मध्ये सरकारलाच थांबवून ठेवावा लागला, कारण राबवला तर परत पेटेल ही धास्ती. माझ्या मते ही २०२२ च्या मोर्च्यांपेक्षाही मोठी बातमी आहे आणि ती आतल्या पानावर चार ओळीत येते, कधी येतही नाही.

दरवर्षी ८ मार्चला आपली पुरवणी निघते, त्यात साड्यांच्या अन् दागिन्यांच्या जाहिरातीच जास्त असतात. पुढच्या वर्षी एक पान काढा आणि इराणी फोटोग्राफर हेंगामेह गोलेस्तान यांनी १९७९ च्या त्या मोर्च्यात काढलेले फोटो रीतसर परवानगी घेऊन छापा. जाहिरात एक कमी झाली तर चालेल आम्हाला.

आपली,
एक नेहमीची वाचक