माहिती गोळा करणं हेही संशोधनच

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीतला लोकसंख्याशास्त्रावरचा लेख वाचला. सहसा कुणी ढुंकूनही न पाहणाऱ्या या विषयाला आपण जागा दिलीत, याचा मनापासून आनंद झाला. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, सार्वजनिक आरोग्य, कुठल्याही वाटेने इथे येता येतं, हेही लेखात नीट आलं आहे. मात्र आकडे संगणकावर आयते मिळतात आणि आपण फक्त विश्लेषण करायचं, असा समज तो वाचून होतो. मी उभी हयात हा विषय शिकवण्यात घालवली, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. आकडे कुणीतरी दारोदार फिरून, माणसांशी बोलून मिळवलेले असतात. आणि विद्यापीठाच्या नेमणुकांत त्या कामाला काडीचीही किंमत नाही.

ही गोष्ट जुनीच आहे. १६९३ मध्ये एडमंड हॅलीने ब्रेस्लाव (आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहराच्या जन्म-मृत्यूंवरून जीवन सारणी, म्हणजे कुठल्या वयापर्यंत किती माणसं जगतात याचा तक्ता, मांडली आणि कुठल्या वयाच्या माणसाच्या वर्षासनाची (हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची) किंमत किती असावी, हे गणिताने दाखवलं. धूमकेतूवाला हॅली सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्या शहरातल्या जन्म-मृत्यूंची माहिती वयवार जुळवून देणारा धर्मोपदेशक कास्पर न्यूमन आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतो. त्याच्या याद्या नसत्या तर हॅलीने सारणी कशाच्या जोरावर केली असती?

आजच्या पाहण्यांमध्ये हे काम किती नाजूक असतं ते सांगते. बाईला ‘तुम्हाला मुलं किती?’ एवढंच विचारून भागत नाही. त्याचं उत्तर बहुधा डोळ्यासमोर असलेल्या मुलांपुरतं येतं. म्हणून घरात राहणारी, दुसरीकडे राहणारी आणि वारलेली मुलं वेगवेगळी विचारतात. त्यावरही ‘कुणी गेलं नाही’ असं उत्तर आलं, तर आणखी एकदा विचारायचं असतं, की जन्मल्यावर रडलं, हाललं, पण जगलं नाही असं एखादं बाळ होतं का? मी पाहणीच्या चमूंबरोबर बसले आहे. या प्रश्नाशी बाई थांबते. सासू शेजारी असेल तर मान हलवून ‘नाही’ म्हणते. चांगली मुलाखतकार अशा वेळी घाई करत नाही. प्रश्नावली मांडीवर ठेवते, सासूबाईंना पाणी मागते आणि त्या आत गेल्या की तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारते. पहिल्या २८ दिवसांत गेलेली बाळं नोंदीत येतात ती अशा मुलाखतकारामुळे. ती सुटली तर नवजात मृत्युदर कागदावर घटतो आणि जिथे खाटा, परिचारिका हव्यात तिथे गरज नाही असं दिसतं.

दुसरी खोट तर अहवाल चाळून कळतही नाही. बऱ्याच पाहण्यांमध्ये गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाबद्दल लसीकरण, आजारपण, आहार असे लांबलचक प्रश्न असतात. दमलेला मुलाखतकार मुलाचं जन्मवर्ष एकाने मागे लिहितो आणि ते सगळे प्रश्न विचारायचं टळतं. असं अनेक ठिकाणी घडलं, की पाच वर्षांच्या सीमारेषेच्या अलीकडे जन्म कमी आणि पलीकडे जास्त दिसतात. ‘जननदर झपाट्याने घसरला’ अशी बातमी होते. त्या घसरणीतला काही भाग प्रत्यक्षात झालेलाच नसतो. हे पकडायला प्रत्येक वर्षाच्या जन्मांचा आलेख काढून त्या रेषेपाशी खाच दिसते का, ते पाहावं लागतं. लोक वय ठोकळ सांगतात, त्यामुळे शून्य आणि पाचने संपणाऱ्या वयांची होणारी गर्दी व्हिपल निर्देशांकाने मोजतात, तीही याच जातीची तपासणी. लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांचं नाव आज आदराने घेतलं जातं ते अशाच कामामुळे. आफ्रिकेत जन्म-मृत्यूंच्या नोंदी जवळपास नव्हत्या, तेव्हा आयांना झालेली मुलं आणि त्यातली हयात मुलं, एवढ्यावरून बालमृत्यूचा अंदाज करण्याची रीत त्यांनी १९६०च्या दशकात बसवली.

आता नेमणुकांचं बघा. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने काही वर्षं पाहणीची प्रश्नावली घडवण्यात, मुलाखतकारांना शिकवण्यात आणि आलेली माहिती तपासण्यात घालवली. निवड समितीसमोर तिला विचारलं गेलं ते एवढंच, की शोधनिबंध किती आणि पहिलं नाव कितींवर? ज्याला जागा मिळाली त्याने तीच माहिती संगणकावर आयती उतरवून घेऊन निबंध लिहिले होते. त्याच्या कामाला मी नावं ठेवत नाही, निबंध चांगले होते. पण तिचं काम मोजायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

हा प्रश्न आमच्या विभागांपुरता नाही. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे हा लोकसंख्या आणि आरोग्याच्या पाहण्यांचा, अमेरिकेच्या निधीवरचा कार्यक्रम १९८४ पासून चालला आणि ९० देशांत पोहोचला. जगभरच्या कितीतरी पीएच.डी. त्यावर उभ्या आहेत. २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा निधी बंद होताच हे काम एकाएकी थांबलं आणि चालू पाहण्या अधांतरी राहिल्या. नवी माहिती मिळाली नाही, तर उतरवून घ्यायला तरी काय उरणार?

माझं म्हणणं साधं आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने निदान एका पाहणीत प्रत्यक्ष मुलाखती घेतलेल्या असाव्यात. माहितीच्या गुणवत्तेवरचा अहवाल निबंधाइतकाच धरावा, आणि त्यावर तो तयार करणाऱ्यांची नावं असावीत. निवड समितीत पाहणी चालवलेली एक तरी व्यक्ती असावी. आणि पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येईल, तेव्हा प्राध्यापकांबरोबर एखाद्या अनुभवी मुलाखतकार बाईंशीही बोलावं, ही विनंती.

– लोकसंख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका