चार्ल्स हॅकली: ओंडके, भुसा आणि मस्कीगन

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतले जुने लाकूडवाले एवढा पैसा कसा कमवायचे, आणि जंगल संपल्यावर त्यांच्यातला कुणी गावात थांबला का, असं तू विचारलंस. थांबलेल्यांपैकी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मिशिगनमधल्या मस्कीगनचा चार्ल्स हॅकली. जन्म १८३७, मृत्यू १९०५. १८५६ मध्ये तो मस्कीगनला आला आणि गिरणीत मजूर म्हणून लागला. पुढे हिशेबाचं काम आलं, मग वडिलांबरोबर स्वतःची गिरणी आणि १८८१ पासून थॉमस ह्यूमबरोबर 'हॅकली अँड ह्यूम'. ह्यूमसुद्धा मुळात हिशेबनीसच. या धंद्यात नफा कुठे मुरतो ते वहीतच दिसतं, त्यामुळे ही जोडी टिकली याचं मला नवल वाटत नाही.

तुझ्या वखारीत घेराच्या चौथाईचा वर्ग करून घनफूट काढतात, तिथे माप बोर्डफुटाचं: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. बारा बोर्डफूट म्हणजे एक घनफूट. तेव्हा चालणाऱ्या डॉयलच्या नियमात ओंडक्याच्या व्यासातून (इंचांत) चार वजा करायचे, वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीने गुणून सोळाने भागायचं. २० इंची, १६ फुटी ओंडक्याचे २५६ बोर्डफूट होतात. ८ इंची ओंडक्याचे मात्र फक्त १६! बारीक माल या नियमात फारच कमी भरतो, म्हणजे तो विकणाऱ्याचं नुकसान आणि गिरणीवाल्याचा फायदा.

तोड हिवाळ्यात. रस्त्यावर पाणी ओतून बर्फ धरवायचा आणि त्यावरून घसरगाड्यांनी ओंडके नदीकाठी रचायचे. वसंतात पाणी चढलं की ते मस्कीगन नदीत सोडायचे. पांढरा पाइन तरंगतो म्हणूनच हे जमायचं, ओक-मॅपल बुडतात. बर्फ पडला नाही तर सगळा हंगाम जंगलात अडकून पडायचा. अशा कोरड्या हिवाळ्यात १८७७ मध्ये स्कॉट गेरिशने ओंडके नदीपर्यंत आणायला छोटी रेल्वे टाकली आणि मग इतरांनीही तेच केलं.

नदीत सगळ्यांचा माल एकत्र वाहायचा. म्हणून प्रत्येक मालकाची खूण लोखंडी हातोड्याने ओंडक्याच्या टोकावर ठोकायची, तीही अनेकदा, म्हणजे ओंडका पाण्यात कसाही फिरला तरी एखादी खूण वर दिसते. खूण काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कचेरीत नोंदवलेली असे. चोर टोकाची चकती कापून खूणच नाहीशी करत. नदी मस्कीगन तळ्याला मिळते तिथे १८६४ पासून बूमिंग कंपनी (ओंडके अडवून वेगळे करणारी) खुणा पाहून ओंडके निवडायची आणि ज्याचे त्याला लावून द्यायची.

गिरणीत खरी गळती करवतीच्या खाचेतून, म्हणजे कापताना जेवढ्या जाडीचा भुसा होतो त्यातून. गोल करवत जवळपास ३/८ इंच भुसा करायची, पट्टा करवत (पट्ट्यासारखं पातळ पातं फिरणारी) सुमारे १/८. १२ इंच जाड चौरस केलेल्या ओंडक्यातून इंची फळ्या काढल्या तर पहिलीत नऊ, दुसरीत दहा. हा फरक वर्षभराच्या कापणीवर लाव, म्हणजे कळेल. तयार फळ्या शिडाच्या जहाजांतून शिकागोला जात. एकाच दिवशी बरीच जहाजं लागली की तिथे भाव पडायचा.

१८८७ मध्ये मस्कीगनची कापणी कळसाला पोहोचली, ६६ कोटी बोर्डफुटांच्या वर. त्यानंतर घसरण झपाट्याची होती, कारण वरच्या खोऱ्यात पाइनच उरला नव्हता. तोडलेल्या जमिनीचा कर भरणंही अनेक मालकांनी सोडलं आणि त्या जमिनी सरकारजमा झाल्या. हॅकलीने काउंटीच्या खजिन्याचं काम पाहिलं होतं आणि शिक्षण मंडळातही तो होता. गाव कशावर चालतं आणि कर आटला की आधी काय बंद पडतं, हे त्याला तिथे बसून समजलं असणार, असं मला वाटतं.

१८८८ मध्ये, गिरण्या अजून जोरात असताना, त्याने वाचनालयासाठी एक लाख डॉलर दिले आणि ते शिक्षण मंडळाच्या हाती सोपवलं. १८९४ मध्ये त्याची स्वतःची गिरणी थांबली. १८९७ मध्ये त्याच्याच पैशातून हस्तकौशल्याची शाळा उघडली. मला हे दान सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण ओंडके ढकलणाऱ्या माणसाच्या मुलाला यंत्रांच्या कारखान्यात काम मिळायला हेच लागणार होतं. मग रुग्णालय, आणि मृत्युपत्रात चित्रं विकत घ्यायला दीड लाख डॉलर. त्यातून १९१२ मध्ये कलादालन झालं.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. १८८१-८२ मध्ये मस्कीगनच्या गिरणी कामगारांना दहा तासांच्या दिवसासाठी संप करावा लागला. तळ्याचा काठ भुशाने आणि टाकाऊ पट्ट्यांनी भरला. आणि मिशिगनचा पाइन संपताच हॅकली-ह्यूमचा पैसा लुइझियाना-मिसिसिपीच्या जंगलांत गेला. तिथेही तोडच झाली. मस्कीगनला जे मिळालं ते खरं आहे, पण ते ज्या खोऱ्यातून आलं तिथे पुन्हा पाइन लावायला त्यातलं काही गेलेलं दिसत नाही. मला हीच त्याच्या हिशेबातली मोठी चूक वाटते.

तुझ्या वखारीत पट्टा करवत बसवायचं चाललं आहे ना? पात्याची जाडी आणि दातांची फाक मोजून कळव, खाचेचा हिशेब मी मांडून पाठवतो.

तुझा,
विनायक